हट्ट्याचं पाणी

तांबटमामा रेडिएटरमधलं पाणी चाखून बघत. मोटार स्टँडवर येऊन उभी राहिली की खांद्यावरच्या फडक्यानं झाकण धरून ते हळूहळू फिरवत, वाफ निघून जाईपर्यंत बाजूला उभं राहून विडी ओढत, आणि मग उजव्या हाताचं मधलं बोट आत बुडवून जिभेवर ठेवत. डोळे मिटत. मग म्हणत, "जिंतूरच्या आडाचं हाय." किंवा, "निघताना पिंगळीचं घेतलं व्हतं, पण वाटंत वढ्याचं मिसळलंय." आम्ही ड्रायव्हर लोक पहिल्यांदा खूप हसलो. मग त्यांची फजिती करायची म्हणून गावोगावच्या विहिरींचं पाणी चार बाटल्यांत भरून त्यांच्यापुढं मांडलं. तीन त्यांनी बरोबर ओळखली. चौथी चाखून बाटली माझ्या हातात परत दिली आणि म्हणाले, "ही दोन गावं एका बाटलीत कशाला कोंबलीस?" मी खरंच दोन ठिकाणचं पाणी एक केलं होतं. त्यानंतर त्यांच्या जिभेची परीक्षा कुणी घेतली नाही. त्या जिभेनं पाण्याबद्दल जन्मात एकदाच खोटं सांगितलं, आणि ते माझ्यासाठी सांगितलं. इतकी वर्षं हे मी बाहेर कुणाजवळ बोललो नाही, म्हणून आता लिहायला बसलो आहे.

तो निजामाचा काळ. परभणीहून जिंतूर, वसमत आणि पाथरी अशा तीन रस्त्यांवर आमच्या मालकांच्या उतारूंच्या तीन सर्व्हिस मोटारी चालत. वसमतच्या मोटारीवर मी ड्रायव्हर होतो. वय तेविशीचं, डोक्यावर तिरपी टोपी, आणि आपण मोटार चालवतो म्हणजे निम्मं संस्थान आपणच चालवतो असा समज. मामा मूळचे वालूरचे. घराणं तांबटांचं, बाप, आजा, पणजा सगळे घागरी, हंडे आणि बंब घडवत आलेले. वालूरच्या बारवेचं पाणी पिऊन मोठे झालेले मामा परभणीला फुटकी भांडी सांधायला आले आणि मोटारस्टँडच्या मागं लिंबाखाली त्यांनी भट्टी लावली. एके दिवशी मालकांनी गळका रेडिएटर आणून त्यांच्यापुढं टाकला. मामांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि विचारलं, "ह्यो बंब आडवा का केलाय?" त्या दिवसापासून ते मोटारींचे झाले. भांडी घेऊन येणाऱ्या बायका मात्र त्यांच्यावर कायमच्या रुसल्या.

ज्यांनी रेडिएटर उघडलेला पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. वर एक टाकी, खाली एक टाकी आणि मधे तांब्याच्या बारीक नळ्या. इंजिनात तापलेलं पाणी वरच्या टाकीत येतं, नळ्यांतून उतरताना वाऱ्यानं निवतं आणि खालून पुन्हा इंजिनात जातं. आमच्याकडच्या पाण्यात खार फार. चुलीवरच्या भांड्याला आतून पांढरा थर चढतो तसा तो नळ्यांना चढे, आणि एक दिवस नळी बंद होई. नळी साफ करायची तर टाकी काढायला हवी, आणि टाकी तर कारखान्यानं डाख, म्हणजे वितळवलेलं कथील-शिसं, ओतून कायमची चिकटवलेली. मग सगळा सांगाडा भट्टीवर धरायचा, डाख वितळवायचा, टाकी उपटायची, नळ्या खरवडायच्या आणि पुन्हा डाख द्यायचा. अशा दोन-तीन खेपा झाल्या की तापून तापून नळ्या कागदासारख्या होत आणि गळू लागत.

गळतीवर आम्हा ड्रायव्हरांचं एक ठरलेलं औषध होतं, हळद. झाकण उघडून दोन मुठी हळद आत टाकायची. ती भिजून फुगते, फटीत जाऊन बसते आणि गळती थांबते. वसमतच्या रस्त्यावर हळदीला काय तोटा? मोटारीच्या टपावर पोतीच्या पोती असत. ज्यांना हळद मिळत नसे ते ज्वारीचं पीठ टाकत, कुणी शेणही टाकी. गळती थांबे हे खरं, पण तीच हळद चांगल्या नळ्यांतही जाऊन बसे आणि आठ दिवसांत मोटार उकळायला लागे. मामांना याची भारी चीड. "जखमेला लावायचं औषध रोग्याच्या नरड्यात कोंबायलाव तुमी," असं ते म्हणत. शेवटी मालकांनी हुकूम काढला की ज्याच्या गाडीत असलं काही सापडेल तो त्याच दिवशी घरी बसेल. पाथरीच्या गाडीवरचा ड्रायव्हर पिठापायी खरोखरच घरी बसला. पुढं तो स्टेशनवर हमाली करताना दिसे, आणि मी नजर चुकवून जाई.

मामांचं एक बोलणं आम्हाला पाठ झालं होतं. "ज्या भांड्यात हात जात न्हाई, ते भांडं आपलं न्हाई." घागर घडवताना तांबट तिचं तोंड बाईचा हात आत जाईल एवढं ठेवतो, कारण घागर रोज घासायची असते. मोटार घडवणाऱ्यानं हा विचारच केला नाही, असं त्यांचं म्हणणं. "ज्यानं हे केलं त्यानं कधी भांडं घासलेलं न्हाई," ते म्हणत. "त्याला वाटलं, पाणी म्हंजे पाणी. सगळीकडं सारखंच असतंय."

रेडिएटरच्या पुढच्या बाजूला नळ्यांवर पातळ पत्र्या असतात, त्यांतून वारा जातो. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या रस्त्यावर सुरू झाल्या की त्या पत्र्यांत कापूस अडके, वर किडे आणि धूळ बसे, आणि वारा जायचाच बंद होई. आम्ही काडीनं टोकरून पत्र्या वाकवून ठेवत असू. मामांनी त्या साफ करायला मामींची शिसवी फणी आणली. फणी बरोबर बसली. दुसऱ्या दिवशी मामी स्टँडवर आल्या, केस मोकळे, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "मोटारीची येणी-फणी झाली असंल तर माझी फणी द्या." मामांनी ती फडक्यानं पुसून दिली. मग स्वतःसाठी बाभळीच्या लाकडाची तशीच एक केली आणि नव्या रेडिएटरला दोन पत्र्यांत किती जागा सोडायची त्याचं माप म्हणून ती कायम जवळ ठेवली.

नवा रेडिएटर हे त्यांचं वेड कधी सुरू झालं ते मला नक्की ठाऊक आहे. आमचा एक रेडिएटर दुरुस्तीला हैदराबादला पाठवला होता. तीन आठवडे मोटार लिंबाखाली उभी होती आणि मी रिकामा. रेडिएटर रेल्वेनं परत आला तेव्हा नवाकोरा रंग दिलेला. मामांनी त्यात तार घालून पाहिली. दर तीन नळ्यांमागं एक नळी दोन्ही तोंडांनी डाख ओतून बुजवून टाकली होती. गळते म्हणून बंद केली, काम संपलं. मामांनी तार बाहेर ओढली. मग म्हणाले, "घरात एक पोरगं आजारी पडलं म्हणून त्याचं दार चिणून टाकायचं व्हय?" त्या दिवशी त्यांनी कोळशानं भट्टीमागच्या भिंतीवर पहिलं चित्र काढलं.

विचार साधा होता. टाक्या डाखानं चिकटवायच्याच नाहीत. कडेला पट्टी ठेवायची, पट्टीला भोकं पाडायची आणि बावीस नट-बोल्टांनी टाकी आवळायची. मधे चामड्याची वादी, म्हणजे पाणी गळणार नाही. नळ्या सरळ, जरा रुंद, सळईला चिंधी बांधून आरपार घालता येईल अशा. एखादी नळी फुटली तर तेवढीच काढायची आणि दुसरी घालायची, शेजारणीला धक्का नाही. एक पाना असला की वाटेत, झाडाखाली, कुठलाही ड्रायव्हर अर्ध्या-पाऊण तासात रेडिएटर उघडून, धुऊन, पुन्हा बसवील. मालक म्हणाले, "मिस्त्री, हे सगळं ड्रायव्हरच करायला लागले तर तुम्ही काय खाल?" मामा म्हणाले, "भाकरी खाईन. आता तरी काय खायलोय?"

पण तांबं कुठून आणायचं? लढाई चालू होती, बाजारात तांब्याचा पत्रा औषधालाही मिळत नव्हता. मामांनी घरातला बंब कापला. तो बंब त्यांच्या वडिलांनी घडवून मामांच्या लग्नात मामींना दिलेला होता. मी घरी गेलो तेव्हा मामी न्हाणीच्या दाराशी उभ्या होत्या आणि अंगणात बंबाचे दोन तुकडे पडले होते. "मी आंघोळीचं पाणी कशात तापवू?" त्यांनी विचारलं. मामा कात्रीवर वाकलेले होते. "पत्र्याच्या डब्यात तापीव. हे झालं की मालकांच्या वळखीचा हैदराबादचा कारखाना तांबं देणार हाय. तुला दुसरा करून देतो." मामी आत गेल्या. भांड्यांचा आवाज जरा जास्तच आला, एवढंच. दुसरा बंब झाला नाही. मामी पत्र्याच्या डब्यातच पाणी तापवत राहिल्या.

चामड्यावर त्यांनी सर्वांत जास्त वेळ घालवला. नवं चामडं पाण्यात कुजे, गरम पाण्यानं वेडंवाकडं होई. शेवटी त्यांनी एका मळ्यातली फाटकी मोट मागून आणली. "हे चामडं जलमभर पाण्यातच राहिलंय, ह्याला पाण्याचं भ्या न्हाई," म्हणाले. मोटेच्या वाद्या कापून करडईच्या तेलात महिनाभर मुरवल्या. त्यात एकच अडचण होती. पहिल्यांदा सडकून तापलं की ते चामडं थोडं आकसे आणि नट सैल पडत. तेव्हा एकदाच सगळे नट अर्धा फेरा आवळले की मग ते जन्माचं बसे. एकदा, पहिल्या तापण्यानंतर, तेवढंच.

परीक्षेचा दिवस ठरला. वैशाखातला. हैदराबादच्या त्या कारखान्याचे इंजिनिअर साहेब येणार, मामांचा रेडिएटर लावलेल्या मोटारीतून वसमतला जाणार आणि परत येणार. पसंत पडला तर कारखाना तसे वीस रेडिएटर करवून घेणार होता, त्यासाठी मामांना तांबं आणि हाताखाली माणसं मिळणार होती. मोटार माझी, म्हणून ड्रायव्हर मी. सकाळी मामांनी पाना माझ्या हातात दिला. "माणिक, पूर्णेच्या काठी थांब. तोवर चामडं तापून आकसलेलं असतंय. बावीसच्या बावीस नट अर्धा-अर्धा फेरा आवळ. साहेब काय म्हणल त्ये म्हणू दे. एकदा आवळलंस की मग वसमतच काय, हैदराबादला जा." मी म्हणालो, "मामा, मी काय नवा हाय का?" त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताला डाखाचा वास होता.

मी थांबलो नाही. कारण सांगायला हवं, म्हणून सांगतो, आणि ते कारण फार लहान आहे. साहेब माझ्या शेजारी बसले होते. सारखे घड्याळ बघत होते. मोटार सुरेख चालली होती, आणि मला वाटलं, नदीच्या काठी उतरून पाना घेऊन बावीस नट आवळत बसलो तर साहेबांना हे सगळं कच्चं वाटेल. शिवाय वेळेच्या आधी वसमतला पोचून दाखवायची खुमखुमी होती. पूर्णेचा काठ आला आणि गेला. वसमतला आम्ही वीस मिनिटं आधी पोचलो. साहेब हसले, "शाबाश, ड्रायव्हर," म्हणाले आणि डाक बंगल्यात जेवायला गेले. मी खाली वाकून पाहिलं तर सांध्यातून पाणी ठिबकत होतं.

पाना सीटखाली होता. तेव्हासुद्धा आवळता आलं असतं. पण नट तापलेले, साहेब कधीही परत येतील ही धास्ती, आणि हाताला इतक्या वर्षांची सवय. समोरच आडत होती. मी ओळखीच्या आडत्याकडून दोन मुठी दळलेली हळद घेतली आणि रेडिएटरमध्ये टाकली. ठिबकणं थांबलं. मला हायसं वाटलं, हे आज लिहितानाही लाज वाटते.

परतीच्या वाटेवर ऊन मी म्हणत होतं. पूर्णा ओलांडून थोडं पुढं आलो आणि मोटार उकळली. तांब्यावर तांबे पाणी ओतलं, पण दर मैलाला ती पुन्हा उकळे. शेवटी साहेब उतरले, एका बैलगाडीत बसले आणि परभणीला गेले. गाडीतून त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही. मी मोटार ढकलत, थांबवत, कशीबशी दिवे लागायच्या वेळी स्टँडवर आणली. मामा रस्त्याच्या कडेला उभे होते. साहेब काय बोलले असतील ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला फक्त म्हणाले, "जेवलास का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आणि मालक दोघे भट्टीपाशी आले. मामांनी पाना घेतला आणि बावीस नट काढायला घेतले. ज्या गोष्टीसाठी इतकी वर्षं झिजवली ती गोष्ट साहेबांच्या डोळ्यांदेखत होत होती: न तापवता, न फोडता, टाकी उचलून बाजूला ठेवली. साहेब नाकाला रुमाल लावून चार हात लांब उभे होते. आत नळ्यांच्या तोंडांवर गंजानं काळपटलेला पिवळा चिखल बसला होता. मामांनी त्यात मधलं बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. डोळे मिटले. मग उघडले आणि थेट माझ्याकडं पाहिलं.

"मिस्त्री, क्या है ये?" साहेबांनी विचारलं.

"पाणी हाय, साहेब," मामा म्हणाले. "हट्ट्याच्या विहिरीचं. तिकडची माती पिवळी हाय, ती उतरलीय."

वसमतच्या वाटेवरच्या हट्टा गावच्या त्या विहिरीचं पाणी इतकं निर्मळ होतं, की त्यात पडलेला पैसा तळाशी दिसे. हे मामांना माहीत होतं, मला माहीत होतं. साहेबांना माहीत नव्हतं. ते मालकांना म्हणाले की जो रेडिएटर एका गावच्या पाण्यानं एका दिवसात तुंबतो, आणि सांध्यातूनही गळतो, तो कारखान्याच्या काय कामाचा. ओल्या सांध्याकडं त्यांनी छडी रोखली. मालकांनी मान हलवली. मामांच्या तोंडून एकच शब्द निघाला असता तर साहेबांना दुसऱ्यांदा परीक्षा घ्यावी लागली असती, आणि मी त्याच दुपारी स्टेशनवर हमाली शोधायला गेलो असतो. घरी आई होती, लग्नाच्या दोन बहिणी होत्या. मामांना ते ठाऊक होतं. आणि माझ्या तोंडात जीभ असून मी उभाच राहिलो. दोघेही निघून गेले. मामांनी बादलीभर पाणी घेतलं, सळईला चिंधी बांधली आणि एकेक नळी धुवायला बसले. पिवळं पाणी लिंबाच्या बुडाशी जिरत राहिलं.

हळदीबद्दल ते मला कधी, एका शब्दानंही, बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. आठ-दहा दिवसांनी रेडिएटर गोणपाटात गुंडाळून त्यांनी माळ्यावर टाकला. मी शिडी धरून उभा होतो. उतरता उतरता म्हणाले, "पाण्याचं सोड. सांधा गळला, माणिक. चामडं चुकलं माझं." ते वाक्य ऐकून मी कळवळलो. हळदीचं त्यांना कळलं होतं. पण हळद टाकायची वेळ का आली, पूर्णेच्या काठी काय घडलं नाही, हे त्यांना कुठं माहीत होतं? माझ्यावर त्यांचा इतका विश्वास, की मी नट आवळले नसतील ही शंकाही त्यांच्या मनाला शिवली नाही. मी शिडी धरून उभा राहिलो आणि म्हणालो, "हो, मामा." आयुष्यात इतकं हलकट "हो" मी पुन्हा कधी म्हटलं नाही.

त्यानंतर त्यांनी मोटारीचं काम कमी केलं. भांडी घेऊन येणाऱ्या बायकांचा रुसवा निघाला. भिंतीवरची कोळशाची चित्रं पावसाच्या ओलीनं पुसट होत गेली आणि त्यांनी ती पुन्हा गडद केली नाहीत. पाणी चाखणंही बंद झालं. एकदा नव्या क्लीनरनं हौसेनं बाटली पुढं केली, तर म्हणाले, "आता जिभंला कळत न्हाई," आणि हातातल्या तपेल्याकडं वळले. मला माहीत होतं, जिभेला कळत होतं. एकदा खोटं सांगितल्यावर त्या जिभेनं पुन्हा साक्ष द्यायला जाऊ नये असं त्यांनी ठरवलं होतं. माझ्याशी मात्र पहिल्यासारखेच वागत. बहिणीच्या लग्नात त्यांनी स्वतः घडवलेली घागर आहेर केली. मी ती दोन्ही हातांनी घेतली आणि मान वर केली नाही.

मग रझाकारांची धामधूम आली. रस्ते ओस पडले, सर्व्हिस बंद झाली, माणसं गावं सोडून जाऊ लागली. मामा कुठं गेले नाहीत. पावसाळ्यात त्यांना ताप भरला, उतरला, पुन्हा भरला. अंगात फक्त हाडं राहिली. भाद्रपदात हिंदुस्थानच्या फौजा आल्या. परभणीत लष्करी लॉऱ्यांची रांग उभी राहिली आणि सगळं गाव बघायला लोटलं. लोक सैनिकांना हार घालत होते. मी सवयीनं लॉरीच्या तोंडाकडं पाहिलं. रेडिएटरच्या टाकीला कडेनं पट्टी होती आणि पट्टीवर ओळीनं नट होते. एक शीख ड्रायव्हर हातात पाना घेऊन ते एकेक करून चाचपत होता. मी विचारलं, हे काय करता? तो म्हणाला, प्रत्येक मुक्कामाला करायचं असतं, हुकूमच आहे. भोवती जयजयकार चालला होता आणि माझ्या डोळ्यांपुढं पूर्णेचा काठ उभा राहिला.

मी तसाच निघालो. आधी पिंगळीला जाऊन पाण्याची एक कासंडी भरून घेतली, कारण मामा म्हणत, या मुलखात पाणी पिंगळीचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी गेलो. बाज ओसरीवर होती. मामींनी त्यांना उशीला टेकवून बसवलं. मी भांड्यात पाणी ओतून ओठांशी धरलं. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले, बराच वेळ मिटलेलेच ठेवले. मग उघडले आणि विचारलं, "कुठलं हाय?"

मला रडू आलं. एरवी ते सांगत आणि आम्ही ऐकत असू. "पिंगळीचं हाय, मामा," मी म्हणालो. "चव ग्येली रे तोंडाची," ते म्हणाले. या खेपेला ते खरं बोलत होते.

मी त्यांना लॉरीचं सांगितलं. पट्टी, नट, पाना, सगळं. त्यांच्या डोळ्यांत जीव आला. "नट किती हायती?" "मोजले न्हाईत." "मोजायचे की. आन् मधी काय घातलंय?" "रबर असंल." ते पुन्हा उशीला टेकले. "तरीच. माझं चामडं व्हतं. ते गळलं."

"मामा," मी म्हणालो, "त्या दिवशी हट्ट्याचं पाणी नव्हतं."

"हट्ट्याचंच व्हतं," ते लगेच म्हणाले. "मी सांगितलंय ना एकदा."

"हळद व्हती."

"ते मला ठाव हाय. तू कशाला बोलायलास?"

"मी पूर्णेला थांबलो नव्हतो, मामा. नट आवळलेच नव्हते. एकबी नट आवळला नव्हता."

मामी दारात होत्या. त्यांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. मामा माझ्याकडं पाहत राहिले. मी वाट पाहत होतो की ते काहीतरी बोलतील, शिवी देतील, तोंड फिरवतील. त्यांच्या चेहऱ्यावर राग कुठं दिसेना. ते मनातल्या मनात काहीतरी पुन्हा जुळवून बघत होते. मग म्हणाले, "म्हंजे चामडं बरूबर व्हतं."

"बरोबर होतं, मामा."

"काढ खाली," ते म्हणाले.

मी माळ्यावरून रेडिएटर उतरवला. गोणपाट उंदरांनी कुरतडलं होतं, पण तांबं जसंच्या तसं होतं. वादी वाळून तडकली होती. मोटेच्या उरलेल्या वाद्या डब्यात तेलात पडून होत्या, त्यांतली एक मामांनी बोटांनी दाबून निवडली. मी ती बसवली, नट लावले, खालची तोंडं बुचांनी बंद केली आणि अंगणात बाजेसमोर दोन विटांवर रेडिएटर उभा केला. मामींनी पत्र्याच्या डब्यात पाणी उकळत ठेवलं. ते पाणी मी वरून ओतलं. निवलं की सोडून दिलं आणि पुन्हा उकळतं ओतलं. मामा कुशीवर वळून खालच्या जमिनीकडं बघत होते. तिसऱ्या डब्याला सांध्यातून पहिला थेंब पडला. मग दुसरा. मी त्यांच्याकडं पाहिलं.

"पूर्णा आली," मामा म्हणाले. "आवळ."

मी पाना घेतला आणि बावीसच्या बावीस नट आवळले, अर्धा-अर्धा फेरा, एकही न चुकवता. डोळ्यांतल्या पाण्यानं नट नीट दिसत नव्हते, तेव्हा हातानं चाचपून आवळले. मामींनी चौथा डबा आणला, पाचवा आणला. थेंब पडला नाही. पडलेले थेंब उन्हानं वाळून गेले. दुपारपर्यंत मामांनी मला तिथून हलू दिलं नाही, आणि स्वतःही नजर काढली नाही. विटांमधली माती कोरडी होती. मग त्यांनी मामींना हाक मारली आणि म्हणाले, "ह्याला जेवायला वाढ, सकाळपासून उपाशी हाय."

चार दिवसांनी मामा गेले. रेडिएटर मामींनी मला दिला. पुढं मी बरीच वर्षं मोटारी चालवल्या, दुसऱ्यांना चालवायला शिकवलंही. वसमतच्या रस्त्यावर पूर्णेचा काठ आला की मी मोटार उभी करत असे. पुढच्या मोटारींना आवळण्यासारखं काही नव्हतं, टाक्या पुन्हा डाखाच्याच होत्या. तरी मी उतरत असे, एकदा पुढं जाऊन रेडिएटरला हात लावत असे आणि परत येऊन बसत असे. उतारू विचारत, का थांबलो? मी म्हणे, मामांनी सांगितलंय.